कोठीचा हिशेब

‘कोठी’ या शब्दाचे दोन अर्थ आपल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या शेजारी शेजारी नांदत आले आहेत. एक कोठी म्हणजे रेसिडेन्सीची ती भव्य वास्तू, जिच्यावरून आपल्या वस्तीला नाव पडले. दुसरी म्हणजे घरातील धान्याची खोली, जिची किल्ली आजीच्या कमरेला असे. माझे आजोबा सुलतान बाजारातील एका पेढीवर मुनीम होते. दुकानाची रोजकीर्द ते मोडीत लिहीत. घरच्या कोठीचा हिशेब मात्र आजी तोंडी ठेवी. आजोबांच्या वहीत रोजची आवक-जावक असे, आजीच्या हिशेबात शिल्लक. महिनाअखेर हाती पैसा खेळत असला की आजोबा प्रसन्न असत, पण तो पैसा कोठीतील ज्वारी विकून आला असेल, तर आजी म्हणे, “ही कमाई नव्हे, हे कोठी रिकामी करणे आहे.”

मी पुढे आयुष्यभर लेखापरीक्षणाचे काम केले. निवृत्तीनंतर अर्थशास्त्रावरील काही ग्रंथ वाचताना ध्यानात आले की, आजीने जे एका वाक्यात सांगितले त्यावर विसाव्या शतकातील अर्थतज्ज्ञांनी मोठा खल केला आहे. जॉन हिक्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १९३९ साली उत्पन्नाची व्याख्या केली तिचा आशय असा: आठवड्याच्या आरंभी आपण जितके संपन्न होतो तितकेच आठवड्याच्या शेवटीही राहून जेवढे खर्च करता येईल, तेवढेच आपले उत्पन्न. व्यक्तीला लागू पडणारी ही कसोटी राष्ट्राला लागू करावी की नाही, आणि करावयाची तर कशी, हा पर्यावरणीय लेखांकनाचा मूळ प्रश्न होय. वरवर तो आकडेमोडीचा दिसतो. तो मुळात नैतिक आहे, असे मला वाटू लागले आहे; आणि तसे वाटण्यास एक घरगुती कारणही घडले. ते पुढे सांगेन.

राष्ट्रीय उत्पन्नाची मोजणी आपल्या लोकांना परकी नाही. एकोणिसाव्या शतकात दादाभाई नौरोजींनी हिंदी माणसाचे वार्षिक उत्पन्न सुमारे वीस रुपये ठरविले, ते दारिद्र्याचा जाब विचारण्यासाठी. स्वातंत्र्यानंतर १९४९ मध्ये महालनोबीस यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय उत्पन्न समिती नेमली गेली. तिच्या दोन सदस्यांपैकी एक होते पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ. याच गाडगिळांनी गोदावरी व प्रवरा कालव्यांच्या लाभांची पाहणी करून १९४८ मध्ये तिचा अहवाल प्रसिद्ध केला होता. कालव्याच्या पाणीपट्टीतून सरकारला काय मिळते एवढ्यावर न थांबता, प्रत्यक्ष लाभाबरोबर अप्रत्यक्ष लाभही मोजले पाहिजेत, ही त्या पाहणीमागची दृष्टी होती. सार्वजनिक कामाचे मोल केवळ त्याच्या गल्ल्यावरून ठरत नाही, हा विचार आपल्याकडे तेव्हाच रुजला होता. मात्र त्याची दुसरी बाजू, म्हणजे अप्रत्यक्ष हानीही तितक्याच निष्ठेने मोजावी, ही मागे पडली. दख्खनच्या कालव्यांखाली काही जमिनी पाणथळ व खारवट होत आहेत हे त्या काळी ठाऊक होते. परंतु उसाचे उत्पन्न राष्ट्राच्या खात्यावर जमा झाले आणि खारवटलेली जमीन कोणत्याच खात्यावर नावे पडली नाही.

ही उणीव पद्धतीच्या जनकांना ठाऊक नव्हती असे नव्हे. सायमन कुझ्नेट्स यांनी १९३४ मध्ये अमेरिकेच्या सिनेटला राष्ट्रीय उत्पन्नाचे आकडे सादर केले, तेव्हाच या आकड्यावरून राष्ट्राचे कल्याण ताडता येत नाही असा इशारा दिला होता. आकडा सर्वांनी घेतला. इशारा अहवालात राहिला. स्थूल देशांतर्गत उत्पादनात यंत्राची झीज धरत नाहीत. ‘निव्वळ’ उत्पादन काढताना ती वजा होते. पण कारखान्याच्या यंत्राला घसारा लावणारी पद्धत तोच कारखाना ज्या नदीवर उभा आहे तिला घसारा लावीत नसे. रॉबर्ट रेपेटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये इंडोनेशियाच्या बाबतीत हा घसारा लावून दाखविला. खनिज तेल, जंगल आणि माती या तीनच गोष्टींचा क्षय वजा करताच १९७१ ते १९८४ या काळातील वाढीचा दर ७.१ टक्क्यांवरून सुमारे ४ टक्क्यांवर आला. उरलेली वाढ म्हणजे आजीच्या भाषेत विकलेली ज्वारी होती.

आता आपल्या दाराशी येऊ. २८ सप्टेंबर १९०८ ची मुसी नदीची कथा आपल्यापैकी प्रत्येकाने घरात ऐकली आहे. विवेक वर्धिनी शाळा निघून जेमतेम वर्ष झाले होते. पाणलोटातील तळी एकामागून एक फुटली आणि नदी शहरात घुसली. सुमारे पंधरा हजार माणसे दगावली असा अंदाज दिला जातो. अफझलगंजच्या चिंचेच्या झाडावर चढून बसलेली दीडशेच्या आसपास माणसे वाचली. ते झाड उस्मानिया रुग्णालयाच्या आवारात आजही आहे. पुढच्या वर्षी विश्वेश्वरय्या यांना पाचारण करण्यात आले. त्यांच्या शिफारशींतून मुसीवर १९२० मध्ये उस्मानसागर आणि ईसा नदीवर १९२७ मध्ये हिमायतसागर उभा राहिला. पुराला आवर आणि शहराला पाणी, अशी दोन कामे या जलाशयांनी एकदमच पत्करली. शिवाय हे पाणी उताराने आपसूक शहरात येई. ते चढविण्यास वीज लागत नसे.

या जलाशयांच्या रक्षणासाठी ८ मार्च १९९६ रोजी शासकीय आदेश क्रमांक १११ निघाला. जलाशयांपासून दहा किलोमीटरच्या परिसरात, ८४ गावांच्या हद्दीत, प्रदूषणकारी उद्योग, मोठी हॉटेले आणि निवासी वसाहती यांना मनाई झाली. या परिसरातील एका तेल कारखान्याचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, तेव्हा १९९९ च्या निकालात न्यायालयाने सावधगिरीचे तत्त्व उचलून धरले: हानी होणार नाही हे सिद्ध करण्याचा भार उद्योग काढणाऱ्यावर आहे, हानीची भीती बाळगणाऱ्यावर नाही. एप्रिल २०२२ मध्ये मात्र आदेश क्रमांक ६९ काढून शासनाने ते निर्बंध उठविले. युक्तिवाद हिशेबाचाच होता. शहर आता मंजिरा, कृष्णा आणि गोदावरीचे पाणी पिते. जुन्या दोन जलाशयांचा वाटा सव्वा टक्क्याहूनही कमी उरला आहे. तेव्हा त्यांच्यासाठी एवढी जमीन अडवून ठेवण्यात अर्थ नाही.

लेखापरीक्षक म्हणून मला हा आकडा खोटा वाटला नाही, अपुरा वाटला. पुराला आवर घालणे हे या जलाशयांचे पहिले काम. ते सव्वा टक्क्यात कोठे बसते? कृष्णेचे पाणी शंभर किलोमीटरहून अधिक अंतरावरून उपसून आणावे लागते. त्या विजेचा प्रत्येक युनिट स्थूल उत्पादनात भर घालतो. उस्मानसागराचे पाणी उताराने फुकट येते, म्हणून ते हिशेबात जवळजवळ दिसतच नाही. जे फुकट मिळते ते शून्य, आणि ते नष्ट करून विकत घेऊ लागलो की ती वाढ, असा हा उफराटा न्याय आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये जलाशयांची दारे उघडावी लागली आणि महात्मा गांधी बसस्थानकात मुसीचे पाणी शिरले, तेव्हा जलाशयांचे ते दुसरे काम शहराला पुन्हा आठवले. त्यानंतरच्या दुरुस्तीचा खर्चही रीतीप्रमाणे उत्पादनातच जमा झाला असणार.

तर मग न मोजलेल्या गोष्टी मोजाव्यात कशा? अभ्यासकांनी यासाठी ज्या रीती काढल्या त्यांतील चार प्रमुख आहेत. ज्याला बाजारभाव आहे ते, मासे किंवा चारा, बाजारभावाने मांडावे. जे काम निसर्ग करतो ते यंत्राने करावयाचे झाल्यास येणारा खर्च धरावा. टळलेली हानी मोजावी. आणि यांपैकी काहीच शक्य नसेल तर लोकांना विचारावे की, हे टिकावे म्हणून तुम्ही किती द्याल. या शेवटच्या रीतीवर मोठा वाद झाला. १९८९ मध्ये अलास्काच्या किनाऱ्यावर तेलवाहू जहाज फुटल्यानंतर नुकसानभरपाईचा प्रश्न उभा राहिला, तेव्हा अमेरिकी शासनाने नेमलेल्या तज्ज्ञ मंडळाने १९९३ मध्ये कडक अटी घालूनच तिला मान्यता दिली. अडचण उघड आहे. ‘किती द्याल’ या प्रश्नाचे उत्तर खिशावर अवलंबून असते. बंजारा हिल्सचा रहिवासी नदीसाठी हजार रुपये सांगेल आणि मुसीकाठचा मजूर दहा. म्हणून नदीची गरज पहिल्याला शंभरपट आहे असे ठरत नाही.

या रीतींनी काढलेल्या बेरजा सावधपणेच वाचाव्या लागतात. जागतिक बँकेच्या १९९५ च्या अभ्यासाने १९९२ सालातील भारताची पर्यावरणीय हानी राष्ट्रीय उत्पादनाच्या ४.५ टक्के दाखविली. २०१३ च्या अभ्यासाने २००९ सालची ५.७ टक्के. दोन्ही आकडे शेजारी ठेवून ‘हानी एवढी वाढली’ असे म्हणण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे, कारण दोन्ही अभ्यासांची व्याप्ती आणि पद्धत एक नाही.

पद्धतीच्या पोटात दडलेले दोन निर्णय मला विशेष विचार करण्यासारखे वाटतात. पहिला वटावाच्या दराचा. हुंडी वटविताना मुदतीपूर्वीची कसर कापतात हे आजोबांना ठाऊक होते; तसेच पुढील काळातील लाभ-हानी आजच्या किमतीत आणताना कापतात. समजा, शंभर वर्षांनी एक पूर येऊन शंभर कोटींची हानी होणार आहे. आठ टक्के दराने वटाव केला तर तिची आजची किंमत साडेचार लाख रुपयांच्या आसपास भरते. हवामानबदलाच्या अर्थकारणावरील २००६ च्या अहवालात निकोलस स्टर्न यांनी वापरलेला दर सुमारे १.४ टक्के होता. त्या दराने तीच हानी जवळपास पंचवीस कोटी होते. पूर तोच, माणसे तीच. दर बदलला की धरण बांधणे शहाणपणाचे किंवा मूर्खपणाचे ठरते. आणि दर कोणता घ्यावा हे कोणतेही गणित सांगत नाही. पुढच्या पिढीचे सुख केवळ ती पुढची आहे म्हणून कमी लेखणे नीतिदृष्ट्या असमर्थनीय आहे, असे मत केंब्रिजच्या फ्रँक रॅम्से यांनी १९२८ मध्येच मांडले होते. ज्यांनी उस्मानसागर बांधला त्यांनी आपली, म्हणजे आजच्या आपली, गणना कोणत्या दराने केली असेल? आठ टक्क्यांनी केली असती तर आपला एक रुपया त्यांच्या लेखी एका पैशाच्या विसाव्या हिश्श्याएवढाही भरला नसता.

दुसरा निर्णय हिशेबाच्या सीमेचा. उत्पन्न वाढू लागले की प्रदूषण आरंभी वाढते आणि पुढे समृद्धी आली की घटते, असे एक गृहीतक ग्रॉसमन आणि क्रूगर यांच्या १९९१ च्या अभ्यासानंतर फार चर्चिले गेले. आलेखावर ती एक उलट्या नावेसारखी कमान दिसते. हवेतील काही घटकांच्या बाबतीत तिला पुष्टी मिळाली. पण हा आलेख काढताना आपण कोणाच्या हद्दीत मोजतो, हे विचारावेच लागते. मुसी अनंतगिरीच्या टेकड्यांत उगम पावते, शहरातून वाहते आणि पुढे कृष्णेला मिळते. शहर आपली घाण नदीत सोडून स्वच्छ होऊ शकते. खालच्या अंगाची गावे त्याच सांडपाण्यावर चाऱ्याचे गवत आणि भात पिकवितात; ते गवत शहराच्या गोठ्यांत येते, त्याचे दूध आपल्या चहात. शहराची सीमा आखून मोजले तर समृद्धीने स्वच्छता आली असे दिसेल. खोऱ्याची सीमा आखली तर घाण फक्त शेजाऱ्याच्या अंगणात गेली असे दिसेल. आपण हिशेबाची सीमा जेथे आखतो, तेथेच आपल्या कर्तव्याचीही आखतो.

आता ते घरगुती कारण. माझ्या वडिलांनी १९७० च्या दशकात हिमायतसागराच्या पलीकडे, पुढे त्या ८४ गावांत गणल्या गेलेल्या एका गावी, दोन एकर जमीन घेतली. ती माझ्या व थोरल्या बंधूंच्या नावे आली. १९९६ नंतर तिला गिऱ्हाईक उरले नाही. २०२२ नंतर रीघ लागली. बंधू आता नाहीत. त्यांचा मुलगा गेल्या दिवाळीत आला, पाया पडला, फराळ झाल्यावर कागद पुढे ठेवून म्हणाला, “काका, आता उशीर नको. दोघांची मिळून विकली तरच चांगला भाव येतो.”

मी त्याला वर लिहिलेले बरेचसे सांगितले. त्याने शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाला, “काका, तुम्ही हिशेबनीस आहात, तर पुरा हिशेब मांडा. सव्वीस वर्षे त्या गावांतल्या माणसांना जमीन विकता आली नाही, घर वाढवता आले नाही. शहराने पाणी प्यायले, पुरापासून वाचले. त्याचे पैसे त्यांना कोणी दिले? आपल्याला नोकऱ्या होत्या म्हणून निभावले. शेजारच्या शेतकऱ्याला मुलीच्या लग्नाला एकरभर विकायची होती. त्याला निसर्गाचे मोल कोण सांगणार?”

मला उत्तर सुचले नाही, कारण त्याचे म्हणणे खरे होते. मी नदीच्या बाजूची खतावणी उघडली होती. त्याने शेतकऱ्याची उघडली. आदेश १११ ने जलाशयांचे रक्षण केले, पण त्याचा खर्च ज्यांच्या माथी मारला त्यांना ना पाणी दिले, ना मोबदला. न्यूयॉर्क शहराने १९९७ मध्ये वेगळा मार्ग धरला. अब्जावधी डॉलर खर्चून पाणी गाळण्याचे केंद्र उभारण्याऐवजी, ज्या डोंगराळ भागातून पाणी येते तेथील शेतकऱ्यांशी आणि गावांशी करार करून त्यांना जमीन जपण्यासाठी साहाय्य दिले. आपल्याकडे वनजमीन अन्य कामासाठी घेताना तिची किंमत भरण्याची पद्धत आली. कांचन चोप्रा समितीने २००६ मध्ये तिचे सूत्र सुचविले, आणि २००८ मध्ये न्यायालयाने हेक्टरी ४.३८ लाख ते १०.४३ लाख रुपये असे दर ठरविले. पण हे दर जंगल घेण्याचे आहेत. जपणाऱ्याला देण्याचे दर आपण अद्याप बांधलेले नाहीत.

येथेच पर्यावरणीय लेखांकनाचे बळ आणि त्याची मर्यादा दोन्ही दिसतात. त्याचे बळ असे की, ते लपलेले नावे उघड करते, आणि कोणाच्या त्यागावर कोणाची वाढ झाली हे सांगते. पार्थ दासगुप्ता यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०१३ मध्ये भारताच्या हरित राष्ट्रीय हिशेबाचा आराखडा दिला. सांख्यिकी मंत्रालय २०१८ पासून ‘एन्व्हीस्टॅट्स इंडिया’ हे संकलन काढत आहे. संयुक्त राष्ट्रांनी २०२५ मध्ये स्वीकारलेल्या राष्ट्रीय लेखांच्या नव्या पद्धतीत नैसर्गिक संपत्तीचा क्षय हा उत्पादनाचा खर्च मानला आहे. आजीचे वाक्य आता जागतिक नियमावलीत पोहोचले आहे, ही लहान गोष्ट नव्हे. ज्यांना निसर्गाला किंमत लावणेच पाप वाटते त्यांना माझे नम्र सांगणे असे की, किंमत न लावल्याने नदी पवित्र राहिली नाही. ती शून्य रुपयांना गेली.

मर्यादा मात्र तितकीच खरी. कांटने १७८५ च्या आपल्या ग्रंथात दोन कोटी सांगितल्या: ज्याच्या जागी दुसरे काही चालते त्याला किंमत असते, ज्याच्या जागी काहीच चालत नाही त्याला प्रतिष्ठा असते. कांटने ही प्रतिष्ठा माणसापुरती ठेवली. पण ‘बदली चालते का’ हा त्याचा प्रश्न नदीलाही विचारता येतो. पिण्याच्या पाण्यापुरती उस्मानसागराला बदली चालते. कृष्णा ती करते आहे. पुराच्या रात्री त्याला बदली नाही. आणि १९०८ च्या त्या पंधरा हजारांना तर कोणत्याच काळी बदली नव्हती. हिशेब पहिल्या कोटीतील गोष्टींपुरता चालतो. दुसऱ्या कोटीतील गोष्टींना आकडा दिला की आकडा बरोबर असूनही हिशेब चुकतो.

आमच्या व्यवसायात अशा प्रसंगासाठी एक सोय आहे. ताळेबंद जुळतो, पण त्यात जे मावत नाही ते महत्त्वाचे असते, तेव्हा परीक्षक आकडा बदलत नाही. खाली आपला शेरा लिहितो आणि त्याखाली सही करतो. शेऱ्याला रक्कम नसते. पण सही केली की जबाबदारी येते. अर्थव्यवस्थेच्या ताळेबंदाखाली असा शेरा लिहिण्याची जागा राखून ठेवणे, आणि तो वाचल्याशिवाय निर्णय न घेणे, एवढे तरी आपण समाज म्हणून मागू शकतो.

पुतण्याला मी सांगितले की, त्याच्या वाट्याचा एकर त्याचा आहे. तो विकावा की ठेवावा याचा निर्णय त्याने करावा, मी आड येणार नाही आणि त्याला दोषही देणार नाही. माझा एकर मी विकत नाही. त्यामुळे त्याला भाव कमी येईल हे मला कळते. त्या रकमेचा जो फरक पडेल त्यातील माझ्याकडून भरून देता येईल तेवढा मी देईन. तो हसून म्हणाला, “काका, एका एकराने पूर अडतो थोडाच?” नाही अडत. १९०८ मध्येही एका तळ्याने पूर आला नव्हता. एकेक करून तळी फुटत गेली तेव्हा आला. त्याचे कागद तो अजून घेऊन गेलेला नाही. ते माझ्या मेजावर, आजोबांच्या मोडी वहीशेजारी पडून आहेत.